‘देवचार’ आणि सैतान

फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील (१६१६) मराठीच्या गौरवाच्या ओव्या आपण अंधेरी-बोरिवलीच्या वर्गांतून आवडीने शिकवतो, त्यातील ‘देवचार’ मात्र शब्दार्थाच्या टिपेपुरता उरतो. हिब्रू ‘सातान’ म्हणजे मूळ विरोधक. ईयोबाच्या ग्रंथात तो देवाच्या दरबारात येणारा आरोपकर्ता आहे. पुढील परंपरेने त्याला पतित देवदूत ठरविले. ही कल्पना मराठीत आणताना स्टीफन्स यांनी गोमंतकीय लोकश्रद्धेतला शब्द उचलला. पण तेथील हिंदूंचा देवचार हा तर गावाची सीम राखणारा, वाट चुकलेल्यास घरी पोचविणारा राखणदार! याला केवळ भाषांतराची सोय म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर दिलेला तो निवाडा आहे. ओवीच्या गोडव्यामुळे तो आपल्याला ऐकू येत नाही, इतकेच.