उन्हाळा आणि नोकरीचा पोशाख

गेल्या एप्रिलांत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत एका फाटकावर तो पहारेकरी आहे. अंगांत जाड टेरिकॉटचा गडद निळा गणवेश, कमरेस रुंद पट्टा, पायांत घोट्यापर्यंतचे बूट. भर दुपारच्या पाळींत त्यास एकदां घेरी आली. शुद्धीवर येतांच गळ्याचें बटण कां सोडलें, अशी विचारणा झाली. हें सांगतांना तो हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेंतले. नीरेच्या डाव्या कालव्यानें ऊंस आला, मागून साखर कारखाने आले, पण वैशाखांतलें ऊन होतें तसेंच राहिलें. या उन्हांत पिढ्यान् पिढ्या हिंडणाऱ्या इंदापुराकडील मेंढपाळास पोशाख कोणी शिकविला नाहीं. सैल धोतर, सैल अंगरखा, डोक्यास भलें मोठें पागोटें. घाम सुती कापडांत शिरतो, वाऱ्यानें वाळतो आणि वाळतां वाळतां अंग निववितो. घट्ट व कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत हा व्यवहारच खुंटतो. त्या मेंढपाळास अडाणी म्हणणारे आम्ही शिकलेले लोक मुलांना नोकरी लागतांच थंड मुलखांतला कोट शिवतों!

पोशाखाचा नियमच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. मार्च २०२४ मध्यें राज्य शासनानें शिक्षकांचा पोशाख ठरविला: पुरुषांस फिका सदरा, गडद विजार, सदरा आंत खोचलेला. फिका रंग आम्हांस मान्य आहे; खोचण्याचें मर्म अद्याप उमगलें नाहीं. वकिलांचा काळा कोट तर उन्हाचा सोबतीच. तथापि सर्वोच्च व उच्च न्यायालयें वगळतां इतरत्र उन्हाळ्यांत तो सक्तीचा नाहीं, असें वकील परिषदेच्या नियमांतच आहे. शिष्टाचारास जपणाऱ्या जपानांतहि २००५ सालीं सरकारनेंच कचेऱ्यांस सांगितलें कीं, नेकटाय व कोट उतरवा आणि थंड हवेचीं यंत्रें २८ अंशांवर ठेवा.

चालू यंत्राजवळ सैल कपडा घातक, हें खरें. १९४८ च्या कारखाना कायद्यानें तेथें अंगासरशी कपडे सांगितले, तें योग्यच झालें. पण त्याच कायद्यानें अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथें उन्हाळ्यांत थंड पाण्याची सोयहि सांगितली होती. फाटकावर कोणतें यंत्र फिरतें? आमच्या पालकांत दुकानदार, कंत्राटदार, कारखान्यांतले अधिकारी पुष्कळ आहेत. सुती गणवेश लवकर विटतो, चुरगळतो, हा त्यांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. विटो बापडा! चौकीवर एक पत्रा, एक माठ आणि फिक्या सुती कापडाचे दोन जोड, एवढ्यानें कोणाचें दिवाळें निघत नाहीं.

येथें एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. गेल्या मार्चांत परीक्षेच्या वेळीं एका मुलानें नेकटाय सैल केली म्हणून आम्हींच त्यास वर्गाबाहेर उभें केलें होतें. आतां १५ मार्चपासून सुटीपर्यंत नेकटाय नको व बुटांऐवजीं चपला चालाव्या, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. तो कचेरींत ठेविला आहे. ज्या पालकांस पटेल त्यांनीं येऊन सही करावी.