गणिताशी गट्टी : बाबांचं तीन-चार-पाच

कबड्डीचं मैदान आखायला काय काय लागतं? चुना, दोरी, खुंट्या आणि थोडंसं गणित! कसं ते सांगते.

आमची शाळा उरण तालुक्यात, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी. स्पर्धेआधी सातवीच्या मुलांना घेऊन मी मैदान आखत होते. लांबी १२ मीटर, रुंदी ९ मीटर. चारही बाजू टेपने नीट मोजल्या. पण लांबून पाहावं तर मैदान तिरकं!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. "बाई, कोपरा गुण्यात नाही. माझे बाबा तीन-चार-पाच धरतात. तसं धरू?"

तिचे बाबा गवंडी. नव्या इमारतींच्या पायाची आखणी करतात. तिने कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ मीटरवर खूण केली, दुसरीवर ४ मीटरवर. मग दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवली. झाला काटकोन!

खरं सांगू? आदल्याच आठवड्यात याच धड्याच्या चाचणीत मी तिला भोपळा दिला होता. तिला येत होतं ते मी विचारलंच नव्हतं.

आता फळ्याकडे वळू. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. बाकी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असते. ९ + १६ = २५. हे उलटही खरं आहे. बेरीज जुळली की कोन काटकोनच! आमच्या मैदानाचं पाहा. १४४ + ८१ = २२५, म्हणून कर्ण १५ मीटर हवा. तिरक्या मैदानाचा एक कर्ण भरला होता जवळजवळ सव्वापंधरा, दुसरा पावणेपंधरा!

कर्ण माहीत असेल, तर वजाबाकी करायची. १३ फुटी शिडीचा पाय भिंतीपासून ५ फुटांवर आहे. १६९ – २५ = १४४. म्हणजे शिडी १२ फुटांवर टेकते.

याला आपण पायथागोरसचा सिद्धान्त म्हणतो. पण यज्ञवेदी आखण्यासाठी आपल्याकडे रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रातही हा नियम आहे. आणि शुल्ब म्हणजे काय ठाऊक आहे? दोरी!

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त एक गमतीचं कोडं घातलं. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला. त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं. तर तो किती उंचीवर मोडला?

उभा तुकडा आणि तिरपा तुकडा मिळून ३२. त्यांच्या वर्गांतला फरक १६ चा वर्ग, म्हणजे २५६. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणून २५६ ÷ ३२ = ८, हा दोन तुकड्यांतला फरक. बेरीज ३२, फरक ८. तुकडे २० आणि १२. वेळू १२ हातांवर मोडला! १२, १६, २० म्हणजे पुन्हा आपलं तीन-चार-पाचच, चौपट केलेलं.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला होता. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात तशी नोंद आहे.

त्या मुलीने चाचणीचा पेपर घरी लपवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो बाबांची सही घेऊन आला. पालकहो, तुमच्या कामातलं गणित मुलांना जरूर दाखवा.

आणि मुलांनो, आज घरातल्या दाराची उंची आणि रुंदी मोजा. कर्ण आधी गणिताने काढा, मग दोरी लावून पाहा. जुळला नाही, तर चूक कुणाची, तुमची की सुताराची?