घाटातले डिझेल, सपाटीचे माप
शेतकी खात्याच्या जीपने डिझेल जास्त खाल्ले की ड्रायव्हरला चोर म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. पैसा आपला आहे, पण माणूसही आपलाच. महाड ते पोलादपूर फारसा चढ नाही. पुढे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे म्हणजे सुमारे १३०० मीटर चढ. दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायलाच दोनेक लिटर जादा जाते, अन् उतरताना ते सगळे काही परत मिळत नाही. मग सपाटीचा अ‍ॅव्हरेज घाटाला कसा लावायचा? टाकी काठोकाठ भरावी, जाऊन-येऊन त्याच पंपावर पुन्हा भरावी, किलोमीटरांना लिटरने भागावे. तीन-चार खेपांचे आकडे लॉगबुकात मांडावेत. त्याच वाटेवर, तेवढ्याच वजनाला आकडा एकाएकी घसरला तर आधी टायरची हवा अन् एअर फिल्टर बघा. मग खुशाल जाब विचारा, आम्हा अधिकाऱ्यांनाही.