बॅटगर्ल कोणी बुडवली?

धान घरात आलं, दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात गावोगावच्या मंडळांची ये-जा सुरू होते. आपल्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, कोणती कंपनी आणायची, नाटक कोणतं, तारीख कोणती, हे तिथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत ठरतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत पुढे होळीपर्यंत रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. तारीख ठरली की लेकी-जावयांना, सोयऱ्यांना निरोप जातात. त्यानंतर प्रयोग रद्द करायचा तर कंपनीला साऱ्या गावाला तोंड द्यावं लागतं.

या रंगभूमीवर तृषांत इंगळे यांनी केलेला ‘झॉलीवूड’ हा चित्रपट जून २०२२ मध्ये पडद्यावर आला. त्याला दोन महिने होतात न होतात तोच, २ ऑगस्टला, अमेरिकेतून वेगळीच बातमी आली. वॉर्नर ब्रदर्सने ‘बॅटगर्ल’ हा सुपरहिरोपट रद्द केला होता. सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झाले होते. ग्लासगो शहराच्या रस्त्यांवर बॅटमॅनचं गॉथम उभारून चित्रीकरण पूर्ण झालं होतं आणि संकलन सुरू होतं. नायिका लेस्ली ग्रेस. बॅटमॅनच्या भूमिकेत बऱ्याच वर्षांनी परतलेले मायकेल कीटन. खलनायक ब्रेंडन फ्रेझर, ज्यांना पुढच्याच मार्चमध्ये दुसऱ्या एका चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह हे दोघे दिग्दर्शक आदिलच्या लग्नासाठी मोरोक्कोत होते. तिथे त्यांना हा निर्णय कळला.

चित्रपट डब्यात जाणं मराठी माणसाला नवं नाही. पैसा संपतो, निर्माता-दिग्दर्शकाचं बिनसतं, वितरक मिळत नाही, आणि रिळं पडून राहतात. बॅटगर्लचं तसं झालं नाही. पैसा होता, दिग्दर्शक काम करत होते आणि दाखवायला कंपनीचा स्वतःचा ओटीटी मंच होता. तरीही तो थांबवला गेला. या निर्णयाच्या समर्थनार्थ जे सांगितलं जातं त्यात तीन मुद्दे वारंवार येतात.

पहिला मुद्दा दर्जाचा. चित्रपट प्रदर्शित करण्याजोगा नव्हता, असं स्टुडिओच्या सुपरहिरो विभागाचे नवे प्रमुख पीटर सॅफ्रन यांनी जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. ते खरंही असू शकेल. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी तो उत्तम होता असा दावा करण्यात अर्थ नाही. पण चाचणी म्हणून जे दाखवलं गेलं ते अर्धवट संकलन होतं, दृश्य-करामतींचं काम बाकी होतं. शिवाय दर्जा हीच कसोटी असती तर ती सगळ्यांना लागली असती. याच स्टुडिओचा ‘द फ्लॅश’ सुमारे २० कोटी डॉलर खर्चाचा होता. तो जून २०२३ मध्ये वाजतगाजत प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर आपटला. त्याला कोणी आधी रोखलं नाही.

सुपरहिरोंना लोक कंटाळले, हे उपकारण तर एका उदाहरणातच गळून पडतं. बॅटगर्लबरोबर त्याच दिवशी ‘स्कूब! हॉलिडे हॉन्ट’ हा मुलांचा ॲनिमेशनपट रद्द झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण तयार असलेल्या ‘कोयोटी व्हर्सेस ॲक्मी’ या विनोदी चित्रपटाची पाळी आली. यांत सुपरहिरो कुठेच नव्हता.

दुसरा मुद्दा करसवलतीचा. चित्रपट बुडीत दाखवला की कर वाचतो, म्हणून रद्द केला, असं समर्थक आणि टीकाकार दोघेही म्हणतात. हे खरं आहे, पण अपुरं आहे. अमेरिकेत कंपन्यांवरचा केंद्रीय कर २१ टक्के आहे. ९ कोटी डॉलर सगळेच्या सगळे तोट्यात दाखवले तरी वाचणारा केंद्रीय कर दोन कोटींच्या आतच राहतो. दोन कोटी वाचवण्यासाठी कोणी नऊ कोटींवर पाणी सोडत नाही. उरलेल्या सात कोटींचं उत्तर करकायद्यात सापडत नाही.

ते उत्तर विलीनीकरणात आहे.

८ एप्रिल २०२२ रोजी डिस्कव्हरी आणि एटी अँड टी कंपनीची वॉर्नरमीडिया (वॉर्नर ब्रदर्स हा तिचाच भाग) एकत्र आल्या. व्यवहार ४३ अब्ज डॉलरचा. नव्या कंपनीच्या डोक्यावर ५० अब्जांहून जास्त कर्ज होतं आणि ३ अब्जांची काटकसर करून दाखवण्याचं वचन तिने गुंतवणूकदारांना दिलं होतं. सूत्रं डेव्हिड झासलाव यांच्या हाती आली. आधीचे प्रमुख जेसन किलार यांचं धोरण होतं की खास चित्रपट थेट एचबीओ मॅक्स या स्वतःच्या ओटीटी मंचावर आणायचे आणि त्या बळावर वर्गणीदार वाढवायचे. बॅटगर्लला मंजुरी त्याच धोरणातून मिळाली होती. नव्या मंडळींना ते धोरण मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी हा चित्रपट ओटीटीसाठी फार महाग होता आणि चित्रपटगृहांसाठी पुरेसा भव्य नव्हता. तो थिएटरात आणायचा तर जाहिरातीवर आणखी काही कोटी ओतावे लागले असते.

इथे हिशेबाचा एक नियम मदतीला येतो. कंपनी विकत घेतल्यावर तिच्या मालमत्तेची किंमत नव्याने लावण्यासाठी काही काळ मिळतो. त्या काळात जे बुडीत खाती टाकलं जातं ते विलीनीकरणाचा खर्च म्हणून मोजलं जातं. शेअर बाजार ते जुन्या कारभाऱ्यांच्या नावावर मांडतो आणि नव्यांना माफ करतो. तोच चित्रपट वर्षभराने प्रदर्शित होऊन पडला असता तर अपयश झासलाव यांच्या खात्यावर लागलं असतं. त्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केलेल्या अंदाजात केवळ चित्रपट-मालिकांपोटी २ ते अडीच अब्ज डॉलर बुडीत दाखवायचे होते. त्या ढिगात बॅटगर्लचे ९ कोटी म्हणजे साडेतीन ते साडेचार टक्के. चित्रपट मंजूर करणारे घराबाहेर गेले होते, आणि घरात आलेल्यांपैकी कोणाची प्रतिष्ठा त्यात गुंतली नव्हती. म्हणून तो बुडवणं सोपं गेलं.

विलीनीकरणानंतर दुसरा मार्गच नसतो, असंही म्हणता येत नाही. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्स विकत घेतली तेव्हा ‘द न्यू म्युटंट्स’ हा सुपरहिरोपट असाच अडकलेला होता. चित्रीकरण २०१७ चं. अनेक तारखा हुकल्या, तरी ऑगस्ट २०२० मध्ये तो लागला. फारसा चालला नाही, पण लोकांनी तो पाहिला आणि मग नाकारला.

तिसरा मुद्दा सगळ्यांत भारी आहे: पैसा ज्याचा, चित्रपट त्याचा, तो दाखवेल नाहीतर पेटीत ठेवेल. या मुद्द्यापुढे पुष्कळ कलावंतही गप्प होतात. पण स्वतःच्या पैशाने केलेली वस्तू पेटीत ठेवणं वेगळं आणि ती नष्ट झाली असं सांगून सरकारी तिजोरीकडून करात सूट घेणं वेगळं. सूट मागितली की तोट्याचा वाटा जनतेच्या अंगावर येतो, आणि मग जनतेला प्रश्न विचारण्याचा हक्कही मिळतो. कोयोटी चित्रपट रद्द झाला तेव्हा अमेरिकी संसदेतले सदस्य वाकीन कॅस्ट्रो यांनी त्याची तुलना विम्याच्या पैशांसाठी इमारत पेटवण्याशी केली होती.

कागदावरच्या मालकीला मर्यादा असते, हे गडचिरोलीला तर सांगावं लागू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनविभागाच्याच हाती होता. पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणारी ग्रामसभा एकीकडे आणि कागदाचा मालक दुसरीकडे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने हा प्रश्न लावून धरला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चित्रपट म्हणजे जंगल नव्हे, हे उघड आहे. पण ज्यांच्या श्रमावर वस्तू उभी राहते आणि ज्यांच्यासाठी ती असते, त्यांचा हक्क मालकीच्या शेजारी बसू शकतो, ही गोष्ट या जिल्ह्यात कायद्याने मान्य झालेली आहे.

झाडीपट्टीचा दाखला इथेच लागू पडतो. तिथे नाटक कंपनीला तोटा होतो, गावच्या मंडळालाही होतो, आणि ज्याला तोटा होतो तोच निर्णयाच्या जागी बसलेला असतो. पाच हजारांहून जास्त प्रयोग करून २०२३ मध्ये पद्मश्री मिळवणारे परशुराम खुणे गुरनोली गावचे, शेती करणारे नट. अशा नटाचं नाटक पडलं तर ते प्रेक्षकांसमोर पडतं आणि पुढच्या हंगामात त्याची किंमत चुकवावी लागते. हॉलिवूडचा पसारा या मापाने चालणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी बॅटगर्लच्या बाबतीत निर्णय घेणारे, झळ सोसणारे आणि पाहणारे हे तिघे एकमेकांपासून इतके दूर गेले की कोणालाच कोणापुढे उभं राहावं लागलं नाही.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची असायला हवी. तयार चित्रपटावर करसूट मागण्याआधी तो खुल्या बाजारात विक्रीला ठेवणं बंधनकारक असावं. ग्राहक मिळतो, हे कोयोटीने दाखवलं: गदारोळानंतर मार्च २०२५ मध्ये केचप एंटरटेनमेंटने तो सुमारे ५ कोटी डॉलरना घेतला. आणि ग्राहक मिळालाच नाही तर त्याची प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा व्हावी, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जपणुकीचं जे काम करत आलं आहे तशा संस्थेत.

हे सगळं सातासमुद्रापारचं म्हणून सोडून देता येणार नाही. बॅटगर्लचं चित्रीकरण संपत होतं त्याच मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती आणि ते पुण्याचं संग्रहालयही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसीत) विलीन झालं, आणि त्या संग्रहातल्या चित्रपटांचं काय होणार म्हणून अनेक दिग्दर्शकांनी काळजी बोलून दाखवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सची वायकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया एक झाल्या. मराठी वाहिन्या आणि चित्रपटांचे हक्क अशाच मोजक्या हातांत जात आहेत. ठरावीक मुदतीत चित्रपट दाखवला नाही तर हक्क निर्मात्याकडे परत येतील, आणि मालक बदलला तरी ही अट कायम राहील, असं एक कलम मराठी निर्माते-दिग्दर्शकांनी आजच करारात घालून घ्यायला हवं. वडशात तारीख पक्की करताना मंडळ कंपनीकडून नाटक दाखवण्याचंच वचन घेतं.