ग्रुप मोठा, साक्षीदार एकटा

अहिल्यानगर जिल्ह्यात कुठे जातीय अत्याचार झाला की तासाभरात बातमी आमच्या मोबाईलवर येते. तोच फोटो, तोच मजकूर, दहा-बारा ग्रुपवरून. दुसऱ्या दिवशी निषेधाच्या पोस्ट, तिसऱ्या दिवशी नेत्यांच्या भेटीचे फोटो. महिनाभराने ग्रुपवर दुसराच विषय असतो. खटला मात्र तेव्हा उभाही राहिलेला नसतो.

जिल्ह्यात काम करताना आम्हाला एक प्रश्न सतत पडतो. इतके ग्रुप, इतके सदस्य असताना पीडित कुटुंब वर्षभरात एकटे का पडते? कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर शंका घेऊन याचे उत्तर मिळणार नाही. आपले जाळे कसे विणले आहे, ते पाहावे लागेल.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. नोकरीची माहिती माणसाला जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. जवळच्यांना जे माहीत असते, ते आपल्यालाही आधीच माहीत असते. दूरची ओळख आपल्याला नव्या वर्तुळात नेते. आता आपले ग्रुप उघडून बघा. पाच ग्रुपमध्ये बहुतेक तीच माणसे दिसतील. यातून आपुलकी मिळते, धीर मिळतो, जयंतीची वर्गणी उभी राहते. हे सामाजिक भांडवल खरेच आहे. पण सरकारी वकील, तहसीलमधला कारकून, गावातला दुसऱ्या जातीचा न्यायप्रिय शिक्षक यांपैकी कुणीही या जाळ्यात नसते. समाजात परस्परसंपर्काच्या अनेक वाटा मोकळ्या असाव्यात, हा विचार बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये मांडला होता. आपण मोबाईलवरही एकाच वाटेने फिरतो आहोत.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा. रोनाल्ड बर्ट या अभ्यासकाच्या मांडणीनुसार, दोन तुटक गटांना जोडणाऱ्या माणसाकडे माहिती लवकर येते आणि महत्त्वही त्यालाच मिळते. आपल्याकडे ही जागा बहुधा ग्रुप ॲडमिनची असते. वस्तीची खबर त्याच्याकडून वर जाते, नेत्याचा निरोप त्याच्याकडून खाली येतो. त्याचे नाव होते. पण दर तारखेला कुटुंबासोबत कोर्टाच्या बाकावर दिवसभर बसणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव कुठल्याच ग्रुपवर येत नाही. मग नवीन तरुण काय शिकणार? पोस्ट टाकली की मान मिळतो, तारखेला गेले तर फक्त मजुरी बुडते.

याची किंमत किती असते, हे जामखेड तालुक्यातील खर्डा प्रकरणात दिसले. 28 एप्रिल 2014 रोजी तेथे 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. राज्यभर संताप उसळला. नोव्हेंबर 2017 मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. निकालामागे अनेक कारणे असतात. पण कुठल्याही गावात साक्षीदाराभोवती दुसरे एक जाळे असते, हे विसरून चालणार नाही. रोजगार, उसनवारी, किराणा, पाणी, शेजार. ते जाळे रोज समोर उभे असते. आपला ग्रुप महाराष्ट्रभर पसरलेला असतो, पण साक्षीदाराच्या दारात संध्याकाळी कुणी नसते.

नेवासा तालुक्यातील सोनई हत्याकांडाचा खटला नाशिकला चालला आणि जानेवारी 2018 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. दोन्ही प्रकरणांतले पुरावे वेगळे आहेत, त्यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही साक्षीदाराला निर्भयपणे बोलता येईल अशी जागा तयार करणे हे चळवळीचे काम आहे, एवढे निश्चित.

कायद्यानेही दार उघडे ठेवले आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने कलम 15-अ आले. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे. 1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. या समितीत अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्य असतात, तसेच इतर समाजांतील सामाजिक कार्यकर्तेही घेता येतात. ग्रुपवर ज्या दुव्यांची उणीव आहे, ते येथे जोडता येतात.

म्हणून तरुणांना आमची तीन कामे सुचवायची आहेत. तालुक्यातील प्रत्येक प्रकरणाच्या कोर्टाच्या तारखा लिहून ठेवा आणि तारखेला कोण गेले, हे ग्रुपवर टाका. साक्षीदाराचे नाव मात्र कधीही टाकू नका. प्रत्येक प्रकरणासाठी दोन माणसे निकालापर्यंत नेमा. आणि ग्रुपबाहेरची एक तरी ओळख दर महिन्याला जोडा, मग तो वकील असो, पत्रकार असो की शेजारच्या आळीतला शेतकरी.

मान कुणाला द्यायचा, हे आपणच ठरवतो. तारखेला जाणाऱ्याला तो दिला, तर तारखेला जाणारे वाढतील.

जय भीम!