विंडोज अपडेट सारखं फेल होतंय? 'रीट्राय' दाबण्याआधी हे वाचा

९ जानेवारी २०२४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सिक्युरिटी अपडेट आणलं. अनेकांच्या कॉम्प्युटरवर ते इन्स्टॉलच होईना. कितीही वेळा 'रीट्राय' दाबलं तरी तोच ८००७०६४३ एरर.

नेमकं काय बिघडलं?
विंडोज सुरूच झालं नाही तर दुरुस्तीसाठी डिस्कवर 'रिकव्हरी पार्टिशन' हा छोटा कप्पा असतो. अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. सी ड्राइव्ह रिकामा असून उपयोग नव्हता. शिवाय 'जागा कमी आहे' हे सांगण्याऐवजी स्क्रीनवर भलताच एरर येत होता.

धोका काय होता?
कॉम्प्युटर हाती लागलेल्या माणसाला बिटलॉकरचं कुलूप चुकवून डेटा मिळवता येईल, अशी त्रुटी हे अपडेट बुजवणार होतं.

मग उपाय?
आपोआप दुरुस्ती मिळणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने नंतर स्पष्ट केलं. म्हणजे पार्टिशन वाढवण्याचं काम घरच्या युजरच्याच गळ्यात. त्यात एक कमांड चुकली तर फोटो-फाइल्स जाऊ शकतात, म्हणून आधी बॅकअप घ्या. रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटच नसलेल्या कॉम्प्युटरला मात्र या अपडेटची गरज नाही.

थोडक्यात, अपडेट फेल झालं की आधी एरर कोड मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट पेजवर तपासा. अडचण कुठे आहे ते कळल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.