हप्ता नको, मुदत घटवा!

लाखनीला धान विकले गेले की बाबा आधी सोसायटीचं पीककर्ज भरतात, ३१ मार्चच्या आत. आणि मी? बोनस फंडात!

परवा गणित मांडलं. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण २६,०३५. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसतं व्याज!! वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. फ्लोटिंग गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केलाय. फक्त बँकेत स्पष्ट सांगा, हप्ता तोच, मुदत कमी.

फंडात जास्त मिळेल म्हणता? मिळेलही. वाचलेलं व्याज मात्र नक्की. (सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच हं, आपल्या नोकऱ्यांचा काय भरवसा!)

यंदाचा बोनस कर्जात टाकला. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "मंग निल कवा होते?"